पुसता येणारी लाल खूण

कुकरैल ही देशातली बहुधा एकमेव साक्षर नदी असावी. पुराचं पाणी घेऊन ती एखाद्या वस्तीपाशी आली की आधी घराचे कागद मागते. रजिस्ट्री असेल तर बाहेरूनच रामराम करून पुढे जाते, नसेल तर सरळ आत शिरते. निदान उत्तर प्रदेश सरकारने जून आणि जुलै 2024 मध्ये जे केलं त्यावरून तरी मी हाच बोध घेतला.

मी लखनौत, महानगर या वसाहतीत राहते. गोमतीपलीकडचं हे जुनं उपनगर. गोल मार्केट, मंदिर मार्ग, पीएसी पोलिसांचा तळ आणि भाऊराव देवरसांच्या नावाचं सरकारी रुग्णालय. त्या पाटीवरचं आडनाव वाचून महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक पाहुणा पाच मिनिटं खूश असतो. आमच्या पूर्वेला कुकरैल वाहते. ‘वाहते’ हे आपलं सौजन्य. बक्षी का तालाबच्या बाजूला अस्ती गावापाशी उगम पावणारी ही नदी शहरात शिरली की नाला होते. तिचा नाला कुणी केला हे विचारायला फार लांब जायला नको, आमच्या न्हाणीघरापासून सुरुवात केली तरी चालेल. गोमतीपलीकडच्या नीटनेटक्या वसाहतींचं सांडपाणी वर्षानुवर्षं तिच्यात सुटत आलंय. पण नदीचं पुनरुज्जीवन करायचं ठरलं तेव्हा आरोपी म्हणून उभे केले गेले ते काठावरचे लोक.

अकबरनगर ही वस्ती आमच्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर, फैजाबाद रोडला लागून होती. 1970 च्या दशकातले राज्यपाल अकबर अली खान यांच्यावरून हे नाव पडलं, असं तिथले लोक सांगत. लोक पन्नास वर्षं राहिले, वीज आली, मीटर आले, घरपट्टीच्या पावत्या आल्या, फर्निचरच्या दुकानांची रांग उभी राहिली. महानगरातल्या अर्ध्या घरांतले सोफे तिथून आलेत. 2023 मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाला साक्षात्कार झाला की हे सगळं नदीच्या जागेवर आहे. डिसेंबरात बुलडोझर आले, उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने थांबवले. मार्च 2024 मध्ये त्याच न्यायालयाने रहिवाशांचं म्हणणं फेटाळलं. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपाला नकार दिला, फक्त पर्यायी घर दिल्याशिवाय कुणाला बाहेर काढू नका, एवढं बजावलं. 4 जूनला लोकसभेचे निकाल लागले आणि 10 जूनपासून यंत्रं चालू झाली. दहाएक दिवसांत सरकारी आकड्यांप्रमाणे 1,169 घरं आणि 101 व्यापारी बांधकामं भुईसपाट झाली. मंदिरं गेली, मशिदी गेल्या, मदरसे गेले. शहराच्या दुसऱ्या टोकाला, हरदोई रोडवरच्या बसंतकुंजात प्रधानमंत्री आवास योजनेचे फ्लॅट मिळाले, तेही फुकट नव्हेत. पावणेपाच लाखांच्या आसपास किंमत, हप्त्याने फेडायची. ज्याचं दुकान घराखाली होतं त्याने हप्ता कशातून फेडायचा, हा प्रश्न नगररचनेच्या कक्षेत येत नाही.

इथपर्यंत कायद्याची बाजू आहे, आणि ती मी नाकारत नाही. नदीच्या पात्रात वस्ती नको हे मलाही पटतं. न्यायालयांनी कागद पाहिले, कागद नव्हते, निकाल दिला. पण सरकारला जोर चढला आणि जुलैच्या सुरुवातीला ते नदीच्या वरच्या अंगाला सरकलं. पंतनगर, इंद्रप्रस्थनगर, रहीमनगर, अबरारनगर, खुर्रमनगर. इथे पूरक्षेत्र म्हणून 50 मीटरची पट्टी मोजली गेली आणि पट्टीत येणाऱ्या घरांवर लाल रंगाच्या खुणा उमटल्या. पण ही माणसं वेगळी होती. निवृत्त अधिकारी, बँकवाले, शिक्षक, डॉक्टर. त्यांच्याकडे रजिस्ट्री होत्या, गृहकर्जं होती, आणि मुख्य म्हणजे कुणाला फोन करायचा याचे नंबर होते. माणसं रस्त्यावर बसली, बायकांनी घोषणा दिल्या, वाहिन्या आल्या. 16 जुलैला मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ यांनी रहिवाशांना भेटीला बोलावलं आणि अभय दिलं. खाजगी जमिनीवरची घरं रिकामी करण्याची गरज नाही, तसा प्रस्तावही नाही, असं सरकारने जाहीर केलं. मग या खुणा कुणी केल्या, कशाला केल्या, असा उलटा सवाल अधिकाऱ्यांनाच झाला. खुणा पुसल्या गेल्या. पेढे वाटले गेले. आणि 20 जुलैला अकबरनगरच्या रिकाम्या जमिनीवर मुख्यमंत्र्यांच्या हस्ते झाड लागलं. तिथे आता लक्ष्मणाच्या नावाने सौमित्र वन आहे.

पंतनगरवाल्यांची घरं वाचली याचं मला वाईट वाटत नाही. वाचायलाच हवी होती. ज्या सरकारने मुद्रांक शुल्क मोजून घेतलं, त्याच सरकारने पंचवीस वर्षांनी दारावर रंग फासायला यावं हा निर्लज्जपणाच आहे. माझं म्हणणं एवढंच की पूररेषा ही जर पाण्याची रेषा असेल, तर ती मालकी पाहून वळत नाही. पन्नास मीटर आवश्यक असतील तर दोन्हीकडे आवश्यक आहेत. आवश्यक नसतील तर अकबरनगरमधलीही किमान काही घरं वाचवता आली असती. सरकारने एकाच नदीला एका महिन्यात दोन रुंद्या दिल्या आणि त्यामागचं जलशास्त्र कुणालाही सांगितलं नाही. अकबरनगर सरकारी जमिनीवर होतं, हा फरक कायद्याच्या पुस्तकात मोठा आहे. नदीच्या पुस्तकात तो छापलेला नाही.

आता आमच्याकडे येऊ, कारण खरी मौज आमच्या गल्लीत आहे.

उत्तर प्रदेशचा नगर नियोजन आणि विकास कायदा 1973 चा. त्यातलं कलम 27 विनापरवाना बांधकाम पाडण्याच्या आदेशाचं. पाच कलमं पुढे गेलं की कलम 32 येतं, ते गुन्ह्याच्या शमनाचं, म्हणजे कंपाउंडिंगचं. ठरलेली रक्कम भरा, गुन्हा मिटला. अकबरनगरच्या दारावर 27 चिकटलं. महानगरात आम्ही 32 मध्ये राहतो. आमच्या इथल्या ऐसपैस प्लॉटवर एकेकाळी एकमजली बंगले होते, पुढे बाग, बाजूला सामासिक अंतर, मागे नोकराची खोली. आज त्याच प्लॉटवर तळघरात जिम, तळमजल्यावर पॅथॉलॉजी, वर कोचिंग क्लास आणि गच्चीवर पत्र्याखाली कॅफे. नकाशावर हे सगळं ‘निवासी’ आहे. निवास करणारं कुणी असेल तर तो तिथला चौकीदार.

आमच्या शेजारचा बंगला विकला गेला आणि तिथे चार मजल्यांचे फ्लॅट चढू लागले. भिंत आमच्या कुंपणाला इतकी चिकटली की स्वयंपाकघरात दिवसा दिवा लावावा लागतो. मी बिल्डरच्या माणसाला विचारलं, बाजूची जागा सोडायची असते ना? तो लखनवी नम्रतेने म्हणाला, “भाभीजी, आप परेशान न हों, कंपाउंडिंग हो जाएगी.” म्हणजे इमारत अजून अर्धी होती आणि तिच्या गुन्ह्याची माफी ठरलेली होती. मी एका कार्यालयात जाऊन लेखी तक्रार दिली. तिथल्या बाबूने ती वाचून मला विचारलं, “इसमें आपको दिक्कत क्या है?” संध्याकाळपर्यंत माझ्या तक्रारीची प्रत बिल्डरकडे पोचली होती. सरकारी टपाल इतक्या वेगाने चालू शकतं हे मला पहिल्यांदाच कळलं. पुढे काय झालं? काही नाही. शमन झालं. तिसऱ्या मजल्यावर आता एक गोड कुटुंब राहतं, आणि त्यांच्याशी माझं उत्तम जमतं. त्यांना काय बोलायचं? त्यांनी पैसे मोजून घर घेतलंय. दंडाची रक्कम त्यांच्याच चौरस फुटाच्या दरात आधीच मिसळलेली होती.

शमनाची खरी गंमत ही आहे. दंड आधीच माहीत असला की तो खर्चाच्या खात्यात जातो. सिमेंट इतकं, सळई इतकी, कंपाउंडिंग इतकी. शेजाऱ्याचा उजेड किती रुपयांना गेला हे शेजारी सोडून सगळ्यांना ठाऊक असतं. नियम मोडणारा आणि नियम राखणारा दोघेही या व्यवहारात खूश, म्हणून ही व्यवस्था कुणी बदलत नाही. जे शमनात बसत नाही ते तसंच राहतं. त्याची नोटीस निघते, फाईल होते, फाईल झोपते. हजरतगंजजवळ वजीर हसन रोडवर अलाया अपार्टमेंट नावाची इमारत होती. ती पाडण्याचा आदेश 2010 मध्ये निघालेला होता. आदेशाची अंमलबजावणी अखेर 24 जानेवारी 2023 च्या संध्याकाळी इमारतीने स्वतःच केली, राहत्या माणसांसकट, आणि तीन जीव गेले. त्याआधी चारच महिने, 5 सप्टेंबर 2022 ला हजरतगंजच्या लेवाना हॉटेलला आग लागून चार माणसं मेली होती. मंजूर नकाशा नसतानाही हॉटेल भर वस्तीत चालत होतं. त्यानंतर निरनिराळ्या खात्यांचे पंधरा अधिकारी एका फटक्यात निलंबित झाले. पंधरा! म्हणजे ते बेकायदा हॉटेल पाहायला सरकारची किमान पंधरा डोळस माणसं नेमलेली होती, आणि ती इतकी वर्षं जात-येत होती.

मेरठची गोष्ट याहून बोलकी. शास्त्रीनगरात आवास विकास परिषदेच्या 661/6 या निवासी प्लॉटवर दुकानांची इमारत उभी राहिली. 1980 च्या दशकात वाटलेला प्लॉट, नोटिसा निघत राहिल्या, शटर उघडत राहिली. 2014 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने पाडा म्हटलं. 17 डिसेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती पारडीवाला आणि महादेवन यांच्या पीठाने तेच पुन्हा सांगितलं आणि शिवाय देशभरासाठी आदेश दिले: भोगवटा प्रमाणपत्राशिवाय वीज-पाणी नको, बेकायदा इमारतीत धंद्याचा परवाना नको, बँकांनी कर्ज देताना हे प्रमाणपत्र पाहावं. किती काळ गेला म्हणून बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही, असंही बजावलं. वाचून मी टाळी वाजवणार होते. मग लक्षात आलं, 2025 च्या ऑक्टोबरात ती इमारत पाडली गेली तेव्हा ढिगाऱ्यापाशी दुकानदार होते, तिला नोटिसांच्या आडून तीन दशकं दूध पाजणारे नव्हते. ते निवृत्त झालेत आणि पेन्शन खाताहेत.

तिकडे नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने, अमरावतीचे न्यायमूर्ती गवई यांच्या पीठाने, बुलडोझरला लगाम घातला. पंधरा दिवसांची नोटीस, सुनावणी, सकारण आदेश, अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई. उत्तम निकाल. फक्त त्यात एक अपवाद आहे: रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी आणि जलसाठे यांवरच्या बांधकामांना हे संरक्षण नाही. म्हणजे अकबरनगर पुन्हा घडलं तर या निकालाचा आधार घेऊन उभं राहता येणार नाही. नेमका जो माणूस गटाराच्या, रुळाच्या, नदीच्या कडेलाच राहू शकतो, कारण दुसरीकडे राहणं त्याला परवडत नाही, तोच वगळला गेला.

आता महाराष्ट्रातल्या वाचकाने ‘यूपी ती यूपीच’ म्हणत मान हलवायला घेतली असेल तर जरा थांबावं. आपला तुकडेबंदी कायदा 1947 चा. शेताचे इतके बारीक तुकडे होऊ नयेत की त्यात बैलसुद्धा वळू शकणार नाही, हा शहाणा हेतू. मग शहरं वाढली आणि शहरांच्या भोवतालची शेतं गुंठ्यागुंठ्याने विकली गेली, कधी साठेखतावर, कधी नुसत्या नोटरीवर. सरकारने काय केलं? आधी म्हणाले, बाजारभावाच्या 25 टक्के भरा, नियमित करतो. कुणी फिरकलं नाही. मग म्हणाले, 5 टक्के भरा. 2025 मध्ये म्हणाले, राहू दे, फुकट करतो. भाजीबाजारात संध्याकाळी कोथिंबिरीचे भाव असेच उतरतात. ज्याने पाचवेळा तहसीलच्या पायऱ्या झिजवून 25 टक्के भरले असतील, त्या एखाद्या बावळट प्रामाणिकाचा विचार करा. त्याला कुणी परतावा दिल्याचं ऐकिवात नाही. गुंठेवारीचंही तेच. 2001 च्या कायद्याने सांगितलं, 1 जानेवारी 2001 पर्यंतचं नियमित करू, त्यापुढचं खपवून घेणार नाही. वीस वर्षं खपवून घेतलं आणि 2021 मध्ये रेष उचलून 31 डिसेंबर 2020 वर नेऊन ठेवली. शेवटची तारीख अशी असते, तिच्या पुढच्या तारखेची वाट पाहायची असते.

आणि कुणाचं ऐकून घेतलं जातं, याबाबतीत मुंबई लखनौची मोठी बहीण शोभते. वरळीच्या कॅम्पा कोला आवारात परवानगीपेक्षा वर चढवलेले 35 मजले. फेब्रुवारी 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. नोव्हेंबरात पालिकेचे लोक फाटकाशी आले, दिवसभर कॅमेरे चालू राहिले, आणि वाहिन्यांवरची दृश्यं पाहून सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून स्थगिती दिली. त्या रहिवाशांची फसवणूक झाली होती हे खरंच आहे. पण त्याच शहरात दर पावसाळ्याआधी झोपड्या पडतात, तिथे कॅमेरा आलाच तर तो हटवणाऱ्यांच्या बाजूला उभा असतो.

पूररेषेचं महाराष्ट्रात तर शास्त्रच आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. कोल्हापूर-सांगलीला 2019 मध्ये आणि 2021 मध्ये, म्हणजे दोन वर्षांच्या अंतराने, पाण्याने या रेषांची कशी थट्टा केली ते सांगायला नको. आणि लखनौत लाल खुणा पुसल्या गेल्या त्यानंतर नऊच दिवसांनी, 25 जुलै 2024 ला, खडकवासला धरणाचं पाणी मुठेत सुटलं आणि पुण्यात सिंहगड रोडच्या एकतानगरीत सोसायट्यांच्या तळमजल्यावर माणसं होडीत बसली. खरेदीखतं होती, कर्जं होती, घरपट्टी भरलेली होती. मुठेला वाचता येत नसावं.

मग काय, सगळं पाडायचं? मला हा प्रश्न विचारणाऱ्यांचा राग येतो, कारण तो विचारला की चर्चा संपते. पाडू नका. अपवादाशिवाय कुठलंही शहर चालत नाही. कोपऱ्यावरच्या बेढब प्लॉटला चारी बाजूंची जागा सोडली तर घराऐवजी खांब उभा राहील. एखादी विधवा पुढच्या खोलीत शिवणकाम करत असेल, एखादा डॉक्टर घरीच रुग्ण तपासत असेल, तर त्याने वस्ती बुडत नाही. न्यूयॉर्कने 1916 मध्ये पहिला झोनिंगचा ठराव केला तेव्हाच अपवादाचे अर्ज ऐकायला मंडळही नेमलं होतं. अमेरिकन नगरांत आजही असा अर्ज बांधकामाआधी करावा लागतो, शेजाऱ्याला नोटीस जाते, उघड सुनावणी होते आणि अडचण जमिनीची आहे की अर्जदाराने स्वतः ओढवून घेतलेली, हे तपासलं जातं. तिथेही सोवळ्या वसाहतींनी मोठमोठे प्लॉट सक्तीचे करून गरिबांना आणि कृष्णवर्णीयांना बाहेर ठेवलं, हे विसरून आरती ओवाळण्याचं कारण नाही. पण शेजारी निदान तोंडावर बोलतो, आणि कुणाला का सूट मिळाली हे कागदावर राहतं. आमच्याकडे अपवाद आधी मागणारा मूर्ख ठरतो. नंतर मागणारा व्यवहारी.

2025 च्या जुलैमध्ये उत्तर प्रदेशाने नवे बांधकाम उपविधी आणले. शंभर चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरच्या घराला नकाशा मंजूर करून घेण्याची कटकट नाही. मोठ्या शहरांत 24 मीटर रुंदीच्या रस्त्यावर घर आणि दुकान एकत्र चालेल. वकील, डॉक्टर, वास्तुविशारद यांना घराचा चौथा हिस्सा कामासाठी वापरता येईल. यातलं बरंचसं शहाणपणाचं आहे आणि तीस वर्षं उशिरा आलंय. शंभर मीटरवाल्याला बाबूच्या टेबलापासून सोडवलं, हे तर पुण्यकर्मच. आता महानगरात प्रत्येक जण टेप घेऊन आपला रस्ता मोजतोय. एका गृहस्थांनी तर नालीपलीकडचा पदपथही धरला, कारण तेवढ्यानेच आकडा जमत होता. मी म्हटलं, पदपथ रस्त्यात धरला तर त्यावरची तुमची जनरेटरची खोली कशात धरायची? त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलत नाहीत.

नवे नियम नव्या इमारतींसाठी. जुन्यांचं काय ते शमनाच्या अंधारात. म्हणून माझी एकच मागणी आहे, आणि तिला पैसा लागत नाही. प्रत्येक प्रभागात, चौकात, मोठ्या अक्षरांत एक यादी लावा. प्लॉट क्रमांक अमुक, मंजूर मजले इतके, बांधलेले इतके, सोडायची जागा इतकी, सोडलेली इतकी, शमनाचे किती रुपये भरले, कोणत्या कारणासाठी सूट दिली, सही कुणाची. पुण्या-नागपुरातल्या नियमितीकरणांचीही अशीच लावा. हे काम अवघड आहे, कर्मचारी कमी आहेत, माहिती संगणकावर चढलेली नाही, असं उत्तर येईल हे मला ठाऊक आहे. पण अकबरनगरची यादी याच खात्याने घरागणिक केली होती, कुटुंबप्रमुखाच्या नावासकट, बसंतकुंजातल्या फ्लॅटच्या क्रमांकासकट, आणि ती वेळेत पुरी झाली होती.